अंडाशयाची हार्मोन्स आणि पिट्युटरी: उंदरांवरच्या प्रयोगात क्रम आणि घड्याळ कसं सांभाळायचं

मादी उंदराला (इथे उंदीर म्हणजे रॅट, माऊस नव्हे) इस्ट्राडिओल, म्हणजे अंडाशयाचं मुख्य इस्ट्रोजेन, दिल्यावर एलएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं आणि अंडमोचन घडवणारं हार्मोन, कमी होतं की वाढतं? एक विद्यार्थी म्हणतो कमी होतं, दुसरा म्हणतो वाढतं, आणि दोघांच्याही वहीतले आकडे बरोबर असतात. पहिल्याने रक्त सकाळी दहाला घेतलेलं असतं, दुसऱ्याने संध्याकाळी साडेपाचला. वहीत तारीख असते, वेळ नसते. सोलापुरात प्राणिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांच्या आराखड्यांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. डोसवर महिनाभर चर्चा होते, वेळेवर आणि क्रमावर एक ओळही नसते. या प्रयोगाचा निकाल मात्र हार्मोन किती दिलं यापेक्षा ते कशानंतर आणि किती वाजता दिलं यावर जास्त ठरतो.

हे सगळं पदवी किंवा पदव्युत्तर वर्गातल्या प्रॅक्टिकलसाठी नाही. नोंदणीकृत अ‍ॅनिमल हाऊस आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी असलेल्या संशोधनासाठीच आहे. शस्त्रक्रिया पशुवैद्यकाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करायची नाही.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

'इस्ट्रोजेनचा पिट्युटरीवर परिणाम' हा प्रश्न नाही, तो विषय आहे. त्यात निदान चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा आराखडा वेगळा.

पहिला लगामाचा. अंडाशयातून सतत थोडं इस्ट्राडिओल येत असतं तोवर हायपोथॅलॅमस या पिट्युटरीवर हुकूम चालवणाऱ्या मेंदूच्या भागात, त्याच्या आर्क्युएट केंद्रातल्या किसपेप्टिन पेशी दबलेल्या राहतात, जीएनआरएचचे (पिट्युटरीला एलएच सोडायला लावणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या हार्मोनचे) ठोके मर्यादेत राहतात आणि एलएच खाली असतं. अंडाशय काढले की हा लगाम सुटतो.

दुसरा उसळीचा. प्रोइस्ट्रसमध्ये, म्हणजे मादीच्या चक्रातल्या अंडमोचनाआधीच्या अवस्थेत, इस्ट्राडिओल बराच वेळ वरच्या पातळीवर राहिलं की हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या, एव्हीपीव्ही नावाच्या केंद्रातल्या किसपेप्टिन पेशी जाग्या होतात. त्यांना मेंदूतल्या घड्याळाचा इशाराही लागतो. दोन्ही जुळले की त्या दिवशी दुपारनंतर एलएच एकदम उसळतं. म्हणजे तेच इस्ट्राडिओल सकाळी दाबतं आणि संध्याकाळी चढवतं.

तिसरा प्रोजेस्टेरॉनचा. त्याला काम करायला जे रिसेप्टर लागतात ते बहुतांशी इस्ट्राडिओलच तयार करून ठेवतं. वाफसा आल्याशिवाय जशी पेरणी करत नाहीत, तसं इस्ट्राडिओलची तयारी झाल्याशिवाय प्रोजेस्टेरॉन टोचण्यात अर्थ नाही. तयारी झाल्यावर दिलं तर ते त्या दिवसाची उसळी मोठी करतं आणि दुसऱ्या दिवशीची उसळी होऊ देत नाही.

चौथा प्रोलॅक्टिनचा, म्हणजे पिट्युटरीच्याच दूध आणणाऱ्या हार्मोनचा. त्याच्यावरचा मुख्य लगाम हायपोथॅलॅमसमधून येणाऱ्या डोपामिनचा असतो, आणि इस्ट्राडिओल प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींवर थेटही काम करतं. इथे तुमचा खरा वैरी ताण आहे. त्याबद्दल पुढे.

एफएसएच (अंडाशयातल्या बीजपुटिका वाढवणारं पिट्युटरीचं हार्मोन) मोजणार असाल तर आत्ताच एक गोष्ट लिहून ठेवा: अंडाशय काढताना इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉनबरोबर इनहिबिन हे एफएसएच दाबणारं अंडाशयाचं हार्मोनही जातं. दोन्ही स्टिरॉइड परत दिली तरी एफएसएच पूर्ण खाली येत नाही, कारण इनहिबिन परत आलेलं नसतं. 'डोस कमी पडला' म्हणून इस्ट्राडिओल वाढवत नेणं ही इथली नेहमीची चूक.

तपासणी: तुमचा प्रश्न वाचून दुसऱ्या कुणाला रक्त किती वाजता घ्यायचं ते सांगता येतं का? नसेल तर तो अजून विषयच आहे.

२. अ‍ॅनिमल हाऊस: प्रकाश, ऊन, खाणं, आवाज

प्रकाशाचं वेळापत्रक इथे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. १२ तास उजेड, १२ तास अंधार, ऑटोमॅटिक टायमरवर. सकाळी सहाला दिवे लागून संध्याकाळी सहाला बंद होत असतील तर एलएचची उसळी साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सुरू होते आणि शिखर चार ते सहाच्या आसपास येतं. वीज गेली आणि टायमर मागे पडला तर मादीचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ यांची फारकत होते. बॅटरी बॅकअप असलेला टायमर घ्या आणि रोज सकाळी त्याची वेळ पाहून वहीत सही करा.

अंधाराच्या वेळेत मोबाईलचा टॉर्च, दाराच्या फटीतून येणारा व्हरांड्यातला दिवा, हे सगळं बंद. सतत उजेडात ठेवलेल्या माद्या काही आठवड्यांत कायमच्या इस्ट्रसमध्ये (माजाच्या अवस्थेत) अडकतात.

उसळीची वेळ आणि कॉलेज सुटायची वेळ एकच, ही तक्रार खरी आहे. पण त्यासाठी रक्त दोन तास आधी घेऊन चालणार नाही. दिवे लागायची आणि बंद व्हायची वेळच तीन तास अलीकडे आणा आणि माद्यांना त्या वेळेवर दोन-तीन आठवडे रुळू द्या. मग उसळीही अलीकडे येते. असं केलंत तर सगळ्या वेळा 'दिवे लागल्यापासून इतके तास' अशा लिहा.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. माद्यांना २० ते २४ अंश आणि फार दमट नाही अशी हवा हवी. डेझर्ट कूलर हवा थंड करतो तशी दमटही करतो, त्यामुळे तो एसीला पर्याय नाही. एसीला जनरेटरची जोड नसेल तर मुख्य प्रयोग पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत धरा. उन्हाळ्यात स्मिअरचा (चक्राची अवस्था ओळखायला योनीतल्या पेशी स्लाईडवर घेण्याचा) सराव, एलायझाची (किटने हार्मोन मोजण्याच्या पद्धतीची) चाचपणी अशी कामं काढा.

बाकीच्या महिन्यांतही तारखा पाहून घ्या. दिवाळीचे फटाके, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, गणपतीतले ढोल-ताशे: या दिवसांत प्रोलॅक्टिनसाठी रक्त घेऊ नका. उंदरांना माणसाला ऐकू येत नाही इतका उंच आवाजही ऐकू येतो, आणि ताणाने प्रोलॅक्टिन काही मिनिटांत चढतं.

आता खाणं. बाजारातल्या बऱ्याच पेलेटमध्ये सोयाबीन पेंड असते आणि सोयाबीनमधले जेनिस्टीन, डायडझीन हे इस्ट्रोजेनसारखं काम करतात. सोयाबीन आपल्या भागात ढिगाने पिकतं, म्हणून स्थानिक फीड स्वस्त पडतं, पण या प्रयोगात ते महागात जातं. पुरवठादाराकडून घटकांची यादी लेखी मागा, शक्यतो सोयाविरहित फीड घ्या, आणि निदान एकाच बॅचचं फीड शेवटपर्यंत पुरेल इतकं घेऊन ठेवा. जुने, ओरखडे पडलेले पॉलिकार्बोनेट केज आणि बाटल्याही बाजूला काढा. त्यांतून बिस्फेनॉल-ए झिरपू शकतं.

सावधान: फीड प्रयोगाच्या मध्येच बदललंत तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करता येणार नाहीत.

३. स्मिअर: निवड इथेच होते

दहा ते चौदा आठवड्यांच्या, चक्र स्थिरावलेल्या माद्या घ्या. आल्या दिवशी काहीच करू नका, निदान आठवडाभर रुळू द्या. या काळात रोज हाताळा. अनोळखी हाताने पहिल्यांदा धरलेल्या मादीचं रक्त प्रोलॅक्टिनसाठी निरुपयोगी आहे.

मग रोज सकाळी एकाच वेळी, समजा नऊ ते दहाच्या दरम्यान, स्मिअर. ड्रॉपरचं टोक आगीवर फिरवून गुळगुळीत केलेलं हवं. कोमट सलाईनचा लहानसा थेंब, टोक जेमतेम आत, दोनदा हळूच आत-बाहेर, आणि थेंब स्लाईडवर. ओला थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. मिथिलीन ब्लूने रंगवलात तर केंद्रकं स्पष्ट दिसतात.

काय दिसतं ते नीट ओळखायला शिका. प्रोइस्ट्रसमध्ये गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके, कडा नितळ, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. इस्ट्रसमध्ये मोठ्या, चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, केंद्रक नसलेल्या पेशींचा थर, आणि स्लाईडवर नुसत्या डोळ्यांनाही पांढरट चुरा जाणवतो. मेटइस्ट्रसमध्ये सगळ्यांची सरमिसळ. डायइस्ट्रसमध्ये मुख्यतः बारीक पांढऱ्या पेशी आणि थोडा चिकट स्राव. पूर्ण चक्र चार ते पाच दिवसांचं, त्यात प्रोइस्ट्रस जेमतेम अर्ध्या दिवसाचा. म्हणून तो दिवसातून एकदा घेतलेल्या स्मिअरमध्ये कधी कधी निसटतो. काल डायइस्ट्रस आणि आज थेट इस्ट्रस दिसला तर मादी बिघडलेली नाही, तुमची वेळ चुकली आहे.

लागोपाठ दोन, शक्यतो तीन नियमित चक्रं दाखवणारीच मादी घ्या.

सावधान: ड्रॉपर खोल गेला आणि गर्भाशयमुखाला धक्का लागला तर मादी आभासी गर्भावस्थेत जाते. मग बारा-तेरा दिवस नुसता डायइस्ट्रस दिसतो आणि प्रोलॅक्टिनच्या रोज दोन उसळ्या सुरू होतात. एकाच माणसाने स्मिअर घेतलेल्या माद्या सारख्या डायइस्ट्रसमध्ये दिसत असतील तर माद्या बदलू नका, हात सुधारा.

४. अंडाशय काढणं

तंत्र पशुवैद्यकाकडून शिका, इथे फक्त ज्या जागी चुकतं तेवढं.

कण्याच्या दोन्ही बाजूंनी छोटे छेद. चरबीच्या गाठोड्यात दडलेला अंडाशय बाहेर घेऊन गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाशी बांधायचं आणि अंडाशय अंडनलिकेसकट कापायचा. अंडाशय चिमट्यात थेट धरू नका, भोवतीची चरबी धरा. कारण अंडाशयाचा कणभर तुकडा मागे राहिला तरी तो पुढे वाढून हार्मोन सोडतो, आणि तुमचा 'अंडाशयविरहित' गट नावापुरता उरतो. काढलेला अंडाशय अखंड आहे ना, हे प्रत्येक वेळी भिंगाखाली पाहा. भुलीआधी आणि नंतर वेदनाशामक द्यायचं, ऊब द्यायची, पुरती शुद्ध येईपर्यंत वेगळं ठेवायचं. वेदनेत असलेल्या मादीचे हार्मोन मोजून काही हाती लागत नाही, आणि तिला वेदनेत ठेवणं मुळातच अयोग्य आहे.

त्यानंतर दोन आठवडे थांबा. एफएसएच लवकर वर येतं, एलएचला जास्त दिवस लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी 'लगाम सुटल्यावरची पातळी' मोजणाऱ्यांना अर्धवट चढलेला आकडा मिळतो.

तपासणी: पहिल्या आठवड्यानंतर रोजचा स्मिअर सलग डायइस्ट्रससारखा हवा. मध्येच इस्ट्रसच्या पेशी दिसल्या तर तुकडा राहिला आहे, ती मादी प्रयोगातून बाहेर.

शॅम गटाबद्दल: शस्त्रक्रियेचा देखावा केलेल्या माद्यांचे अंडाशय चालू असतात, म्हणजे त्यांचं चक्रही चालू असतं. त्यांचं रक्त कुठल्याही दिवशी घेऊन सरासरी काढलीत तर डायइस्ट्रस आणि प्रोइस्ट्रस एकाच टोपलीत पडतात. शॅम माद्या एका ठरलेल्या अवस्थेतच मोजा.

५. हार्मोन देणं: क्रम मोडू नका

गट निदान पाच: शॅम (देखाव्याची शस्त्रक्रिया); अंडाशय काढून फक्त तेल; इस्ट्राडिओल; इस्ट्राडिओल आणि मग प्रोजेस्टेरॉन; फक्त प्रोजेस्टेरॉन. शेवटचा गट बरेच जण गाळतात. तयारीशिवाय प्रोजेस्टेरॉनने उसळी येत नाही हे दाखवायला तो लागतो.

इस्ट्राडिओल बेंझोएट थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून मग तीळतेलात मिसळायचं आणि इथेनॉल उडवून टाकायचं. तेल प्रयोगशाळेच्या दर्जाचं, एका बॅचचं. घाण्याचं तेल घरच्या चटणीला उत्तम, इथे नको, कारण प्रत्येक डब्यातलं तेल वेगळं. शिशी गडद रंगाची, आणि टोचण्याआधी दर वेळी नीट ढवळून.

सर्वसाधारण चालणारा क्रम असा: सकाळी दहाला त्वचेखाली इस्ट्राडिओल बेंझोएट १० मायक्रोग्रॅम, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेवढंच, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रोजेस्टेरॉन २ मिलिग्रॅम. त्याच दिवशी दुपारपासून रक्त. ज्या गटाला एखादं हार्मोन द्यायचं नाही त्याला त्या वेळी तेवढंच तेल. हे डोस तुमच्या वंशाच्या चार-सहा माद्यांवर आधी पडताळून घ्या आणि मगच मोठा प्रयोग लावा.

पातळी स्थिर हवी असेल तर सिलिकॉन नळीची कॅप्सूल बरी. ती बसवण्याआधी रात्रभर सलाईनमध्ये भिजवून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी हार्मोनचा लोंढा सुटतो.

सावधान: 'जास्त दिलं तर परिणाम ठळक दिसेल' हा हिशेब इथे उलटा पडतो. दीर्घकाळ मोठ्या डोसचं इस्ट्रोजेन दिलं तर पिट्युटरी सुजते, प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात, आणि फिशर ३४४ वंशात तर गाठीच होतात. मग तुम्ही मोजता तो नैसर्गिक परिणाम नव्हे, आजार.

परिणाम थेट पिट्युटरीवर आहे का, हे पाहायचं असेल तर ठरावीक जीएनआरएच टोचून किती एलएच सुटतं ते मोजा, किंवा पिट्युटरी पेशींचं कल्चर करा. तिथेही वेळच राजा: काही तासांचं इस्ट्राडिओल प्रतिसाद दाबतं, दिवसभराचं वाढवतं. कल्चरचं माध्यम फिनॉल रेडविरहित घ्या, त्या लाल रंगालाही इस्ट्रोजेनसारखा सौम्य गुण आहे. सीरम चारकोलने धुतलेलं हवं.

६. रक्त: इथे सगळं हरतं

नमुन्याच्या वेळा आधीच छापून भिंतीवर लावा. सकाळी १०, मग दुपारी २, ४, ५, ६ आणि रात्री ८ अशा वेळा ठेवल्या तर एकाच मादीत लगाम आणि उसळी दोन्ही दिसतात. फक्त इस्ट्राडिओल दिलेल्या मादीचं सकाळी दहाचं एलएच तेलवाल्या गटाच्या खाली असतं. तिसरे प्रहरी तेच एलएच त्याच मादीत उसळतं. सुरुवातीला सांगितलेला वाद या दोन आकड्यांत मिटतो.

एकाच मादीतून अनेकदा रक्त घ्यायचं तर मानेच्या शिरेत कॅथेटर आधीच बसवलेला हवा. २५० ग्रॅमच्या मादीत जेमतेम १६ मिली रक्त असतं. त्यातलं दहा टक्क्यांच्या आतच घ्या. पाव मिलीचे सहा नमुने म्हणजे दीड मिली, मर्यादेच्या काठावर. रक्तपेशी सलाईनमध्ये मिसळून परत द्यायची सोय मंजुरीतच लिहून घ्या.

कॅथेटर नसेल तर प्रत्येक वेळेसाठी वेगळ्या माद्या. केजमधून उचलल्यापासून रक्त मिळेपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजा, मिनिटांत नव्हे. शेजारच्या केजमधल्या मादीला वास आणि आवाज जाणार नाही अशी वेगळी खोली हवी.

सर्वांत मोठी चूक सांगतो. तेलवाला गट आधी उरकायचा, मग इस्ट्राडिओलचा, मग दोन्हीचा. चाळीस माद्या, एकीला पाच मिनिटं, म्हणजे पहिली आणि शेवटची यांत तीन तासांहून जास्त अंतर. उसळी तेवढ्यात चढून उतरते. तुम्हाला गटांतला फरक दिसतो, असतो तो वेळेतला. प्रत्येक गटातून एकेक मादी आळीपाळीने घ्या आणि आळीचा क्रम दर फेरीला चिठ्ठ्या टाकून बदला.

सावधान: भूल. १९५० साली एव्हरेट आणि सॉयर यांनी दाखवलं की प्रोइस्ट्रसला दुपारी दोनला बार्बिट्युरेट दिलं तर त्या रात्रीचं अंडमोचन होत नाही, ते चोवीस तास पुढे जातं. म्हणजे दुपारच्या त्या नाजूक दोन तासांत मादीला भूल देऊन रक्त घेतलंत, तर जे मोजायचं तेच बंद केलंत.

शेवटचा नमुना झाल्यावर गर्भाशय काढा, चरबी साफ करा, टिपकागदावर टेकवा आणि वजन करा. दोन आठवडे हार्मोनशिवाय राहिलेलं गर्भाशय दोऱ्यासारखं बारीक आणि फिकट असतं. इस्ट्राडिओल मिळालेलं लालसर, जाड, पाणी भरून टम्म फुगलेलं. ही तपासणी फुकट आहे, आणि इंजेक्शन खरंच लागलं का हे कुठल्याही किटपेक्षा खात्रीने सांगते.

७. मोजणी

सीरम किंवा प्लाझ्मा, एकच ठरवा. लालसर झालेला नमुना वेगळी खूण करून ठेवा. लहान भाग करून गोठवा म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवायला नको. नमुने पुण्याला पाठवायचे असतील तर ड्राय आइस प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट भरा, आणि गाडी रात्रीची धरा.

माणसाच्या एलएचसाठीचं किट उंदराच्या एलएचला चालेल हे गृहीत धरू नका. किट उंदरासाठी पडताळलेलं हवं. एक जास्त एलएच असलेला नमुना पायरीपायरीने पातळ करून पाहा. त्याची रेषा प्रमाण द्रावणाच्या रेषेला समांतर जायला हवी. एका मादीचे सगळे नमुने एकाच प्लेटवर. आणि आपले नॅनोग्रॅमचे आकडे जुन्या शोधनिबंधांशी थेट ताडू नका: आरपी-२ आणि आरपी-३ अशी प्रमाण द्रव्यं वेगळी असली की आकडेही वेगळे येतात.

उंदराचं इस्ट्राडिओल पिकोग्रॅममध्ये असतं. थेट सीरम घालायच्या किटवर विसंबू नका. आधी ईथरने वेगळं काढा किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असलेल्या ठिकाणी द्या.

८. आकडे मांडताना

उसळी प्रत्येक मादीत अगदी एकाच क्षणी येत नाही. एकीचं शिखर साडेचारला, दुसरीचं सहाला. सरळ सरासरी काढलीत तर दोन उंच शिखरांची एक बसकी टेकडी होते. आधी प्रत्येक मादीचा आलेख वेगळा काढा. मग 'उसळी' कशाला म्हणायचं तो निकष, म्हणजे सकाळच्या पातळीच्या किती पट किंवा किती प्रमाण विचलन वर, मोजणीआधी लिहून ठेवा. किती माद्यांत उसळी आली, शिखर किती आणि किती वाजता, हे तीन आकडे वेगवेगळे द्या.

अंडाशय काढलेल्या मादीत एलएच दर वीस-तीस मिनिटांनी ठोके देतं. तिथे एका नमुन्यावरून 'ठोके कमी झाले' असं लिहिता येत नाही. त्यासाठी काही तास, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने नमुने लागतात.

शोधनिबंधात दिवे लागण्याची आणि बंद होण्याची वेळ, प्रत्येक इंजेक्शनची वेळ, रक्ताची वेळ, फीडचा प्रकार आणि स्मिअरचे निकष द्या. एखाद्या मादीत उसळी आली नाही तर लगेच तिचा आकडा गाळू नका. तिच्या गर्भाशयाचं वजन, स्मिअरची वही आणि त्या दिवशीची टायमरची नोंद पाहा. कारण सापडलं, आणि वगळण्याचा तो निकष मंजुरीच्या अर्जात आधीच लिहिलेला असेल, तरच तिला वगळा आणि तसं तक्त्याखाली नोंदवा.